विळ्यावरचं तांबं

आमच्या नानांनी मला ‘निऑन’ म्हणायला सुरुवात केली, त्याला माझीच जीभ कारणीभूत आहे. नाना म्हणजे माझे वडील. दिंडोरीजवळ आमची द्राक्षबाग आहे, आणि मी गेली सव्वीस वर्षं नाशिकला एका ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. नवी नवी नोकरी लागली तेव्हा माझा उत्साह कुणाला आवरत नसे. आठवडाभर वर्गात जे शिकवलं असेल ते शनिवारी गावी येऊन नानांना पुन्हा शिकवायचं, असा माझा नेमच होता. त्यांनी शिकायला नाही म्हणावं, अशी सोय मी ठेवली नव्हती.

असंच एकदा ओट्यावर बसून मी त्यांना सांगत होते की, जगातले बहुतेक सगळे अणू कुणाशी ना कुणाशी जोडलेले असतात. कारण त्यांच्या सगळ्यात बाहेरच्या कक्षेत इलेक्ट्रॉनांचं काहीतरी कमीजास्त असतं. कुणाला एक कमी पडतो, कुणाला एक जड होतो. ती कक्षा भरली की अणू शांत होतो, म्हणून ते एकमेकांना धरतात आणि त्यातून संयुगं तयार होतात. फक्त काही मोजके असे असतात की त्यांचं आधीपासूनच भरलेलं असतं. उदाहरणार्थ निऑन. तो कुणाच्या वाऱ्याला उभा राहत नाही.

“म्हंजी तुझ्यावानी,” नाना म्हणाले.

त्याच आठवड्यात मी तिसरं स्थळ नाकारलं होतं.

“मंग त्याचा उपयोग काय, त्या निऑनचा?”

“दिव्यांमध्ये भरतात. दुकानांच्या पाट्या असतात ना, त्या लाल दिव्यांत.”

“झालं तर. आमची निऑन. जमत कुनाशी नाय, पन उजेड पाडती.”

तेव्हापासून भावकीत मी निऑन आहे. लग्नकार्यात ओळख करून देतानाही ‘ही आमची निऑन’ असंच सांगतात, आणि समोरची माणसं ते माझं पाळण्यातलं नाव समजून मान डोलावतात.

नानांना हा विषय कळायला वेळ लागला नाही, कारण त्यांना सोयरिकी जुळवायचा नाद. आमच्या तालुक्यातली कितीतरी लग्नं त्यांनी जमवलेली आहेत. घरातलं एक तेवढं त्यांना जमलं नाही. सोडियम आपला एक जड झालेला इलेक्ट्रॉन क्लोरीनला देऊन टाकतो आणि दोघांचं मिळून मीठ होतं, हे सांगितल्यावर त्यांनी विचारलं, “दिऊन झाल्यावर सोडियम निघून का जात नाय? त्याची नड तर भागली.” हा प्रश्न माझ्या एकाही विद्यार्थ्याने आजवर विचारलेला नाही. मी म्हटलं, देणारा धन होतो आणि घेणारा ऋण, मग ते दोघं एकमेकांना ओढून धरतात. नाना बराच वेळ तंबाखू मळत राहिले आणि म्हणाले, “बरोबर हाय. देनाऱ्याचा जीव मागं ऱ्हातोच.”

सहसंयुज बंध तर त्यांनीच मला समजावला. त्यात कुणी कुणाला काही देत नाही, इलेक्ट्रॉनांची जोडी दोघं मिळून वापरतात. नाना म्हणाले, ही तर सामाईक विहीर झाली. आमची विहीर त्यांच्या एका चुलत भावाबरोबर सामाईक आहे. त्या दोघांचं बांधावरून बोलणं बंद आहे ते मला आठवतं तेव्हापासून. तरी दोघांपैकी एकालाही तिथून हलता येत नाही, आणि मोटरीच्या पाळ्या मात्र ठरल्याप्रमाणे चालतात. मी म्हटलं, अगदी असंच. पण पाण्याच्या रेणूत ऑक्सिजन ती जोडी स्वतःकडे जरा जास्त ओढतो. “मंग वेगळं काय सांगितलं? आपल्या विहिरीचा झराबी त्याच्याच अंगाला हाय,” असं म्हणून नानांनी चुलत भावाला ऑक्सिजन करून टाकलं.

माझ्या मुलांना ‘ध्रुवीय सहसंयुज बंध’ हे शब्द परीक्षेत आठवत नाहीत, विहीर मात्र आठवते. तो दृष्टान्त मी आजवर स्वतःचाच म्हणून खपवत आले आहे.

आता नाना ऐंशीला आले. बाग माझा धाकटा भाऊ बघतो आणि चांगली बघतो. छाटणी, ट्रॅक्टर, बाजार, मजूर, एकेक करून सगळी कामं नानांच्या हातून गेली. एक राहिलं होतं, बोर्डो. पावसाळ्यात द्राक्षाच्या पानांवर डावणी हा रोग येतो, त्यावर हे औषध फवारतात. मोरचूद, म्हणजे तांब्याचं सल्फेट, आणि चुना पाण्यात मिसळून ते घरीच करता येतं. हल्ली तयार पुड्या मिळतात, पण आमच्याकडे बोर्डो नानांचाच. त्या दिवशी ते पहाटे उठायचे, निळे डाग पडलेला ठरावीक सदरा घालायचे आणि काम होईपर्यंत कामापलीकडचं कुणाशी बोलायचे नाहीत. एरवी दिवसभर ‘मी आता काय कामाचा’ म्हणणारे नाना बोर्डोच्या दिवशी सगळ्यांना कामाला लावत.

त्यांची पद्धत ठरलेली. मोरचूद रात्रभर प्लास्टिकच्या टबात भिजत घालायचा, लोखंडाच्या भांड्यात कधीच नाही. दुसऱ्या टबात कळीच्या चुन्याचे खडे पाण्याने विरवायचे. ते चरचरतात, उकळतात, हात भाजेल इतके तापतात. निवल्यावर मोरचुदाचं निळं पाणी बारीक धारेने चुन्यात सोडायचं, चुन्याचं मोरचुदात नाही, आणि लाकडी दांड्याने ढवळत राहायचं. दोन्हींचे जोडीदार बदलतात. तांबं सल्फेटला सोडून चुन्याच्या घरातल्या हायड्रॉक्साइडशी बांधलं जातं, आणि चुन्यातलं कॅल्शियम सल्फेटकडे जातं. हे फळ्यावर लिहायला मला अर्धा तास लागतो. नानांनी त्याला एका शब्दात बसवलं, साटंलोटं. ह्या घरची त्या घरी, त्या घरची ह्या घरी.

आणि शेवटी विळा. घासून लख्ख केलेला विळा मिश्रणात मिनिटभर बुडवायचा. चुना कमी पडला असेल तर थोडं तांबं जोडीदाराविना मोकळं राहतं, आणि मग ते लोखंडाकडून इलेक्ट्रॉन घेऊन पात्यावर तांबूस थर होऊन बसतं. असं मोकळं तांबं पानं जाळतं. विळा लाल झाला की चुना वाढवायचा, विळा जसाच्या तसा राहिला की फवारायचं. नानांना इलेक्ट्रॉन ठाऊक नव्हते तेव्हापासून ते हा विळा बुडवत आले आहेत.

यंदा जूनमध्ये मी त्यात नाक खुपसलं. नानांच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं आहे आणि दुसऱ्याचं ते टाळत आहेत. अशा माणसाने उकळत्या चुन्यावर वाकून उभं राहायचं, हे मला बघवेना. मी नाशिकच्या रविवार कारंज्यावरून विरलेल्या चुन्याच्या भुकटीची गोणी आणली. खडे नाहीत, उकळणं नाही, नुसती पाण्यात कालवायची. नानांनी भुकटी चिमटीत धरून पाहिली आणि गोणीच्या तोंडाला प्लास्टिकचा कागद लावून वरून सुतळीने करकचून बांधायला घेतलं.

मी हसले. म्हटलं, “नाना, चुना आहे हा, लोणचं नाही. बरणीच्या तोंडाला बांधतात तसा दादरा कशाला बांधताय? हवा लागून खराब व्हायचा तो तुमचा खड्याचा चुना. हा आधीच विरलेला आहे, याला काही होत नाही.” मग मीच तो कागद काढला, गोणी शेडच्या कोपऱ्यात उघडी ठेवली, आणि आपण वडिलांचे डोळे वाचवले म्हणून दिवसभर स्वतःवर खूश होते.

पहिल्या दोन फवारण्या ठीक झाल्या. ऑगस्टच्या अखेरीला एका गुरुवारी भावाचा फोन आला. सोमवारी मारलेल्या बोर्डोने विहिरीकडच्या प्लॉटमधली पानं जळाली होती. ऑक्टोबरच्या छाटणीपर्यंत पानं टिकली तरच पुढे घड धरणारी काडी तयार होते, त्यामुळे त्याचा चढलेला आवाज मला समजत होता.

“ताई, नानांना आता दिसत नाय. मी बोललो तर राग येतो त्यांना. तू शनिवारी ये आन तूच तपास. तू म्हणशील तर मी पुड्या आणायला मोकळा.”

म्हणजे नानांच्या हातात राहिलेलं शेवटचं काम काढून घ्यायचं की नाही, ते मी ठरवायचं होतं. शनिवारी पर्समध्ये प्रयोगशाळेतले पीएच कागद टाकले आणि स्कूटर दिंडोरी रोडला लावली. म्हसरूळ मागे पडेपर्यंत मनात भाषणही तयार झालं होतं. नाना, तुम्ही खूप केलंत, आता आराम करा, वगैरे. आता आठवलं की त्या भाषणाची मला लाज वाटते.

घरी पोचले तर नाना ओट्यावर पाठ भिंतीला टेकून बसलेले. “आली का निऑन,” एवढंच म्हणाले. उजेडाचं काही बोलले नाहीत. मी त्यांना माझ्यासमोर एका बादलीपुरता बोर्डो करायला सांगितला. ऐंशी वर्षांच्या बापाची तोंडी परीक्षा घेतल्यासारखंच होतं ते. भाऊ हाताची घडी घालून शेजारी उभा. नानांनी शंभर ग्रॅम मोरचूद तोलला, शंभर ग्रॅम चुना तोलला, दहा लिटर पाणी मोजून घेतलं. मी काट्यावर डोळे लावून बसले होते. एका ग्रॅमचीही चूक नव्हती. निळं पाणी चुन्यात सोडलं, धार बारीक, ढवळणं नीट. मग मी कागद बुडवला. तो हिरवट-निळा व्हायला हवा होता. नारिंगी झाला.

मापं बरोबर, कृती बरोबर आणि मिश्रण आम्ल. वर्गात एखाद्या मुलाचं असं झालं असतं तर मी म्हटलं असतं, मग बाटली तपास. मी शेडमध्ये गेले. गोणी कोपऱ्यात तशीच उघडी होती, पावसाळाभर. वरची भुकटी हाताला रवाळ लागली. काय झालं ते तिथेच कळलं, पण खात्री करून घ्यायची सवय जात नाही. मूठभर भुकटी घेऊन स्वयंपाकघरात आले आणि वहिनीकडे लिंबू मागितलं.

चांगला चुना असेल तर त्यावर लिंबू पिळून फारसं काही दिसत नाही. ती भुकटी बशीत घालून मी लिंबू पिळलं आणि ती फसफसली. चुन्याने तीन महिने बसून दमट हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी संसार थाटला होता. ज्या चुनखडीला भट्टीत जाळून चुना करतात, तीच चुनखडी पुन्हा तयार झाली होती. वजन काट्यावर पुरेपूर भरत होतं, पण तांब्याला द्यायला तिच्या घरात हायड्रॉक्साइड उरलेलंच नव्हतं. अकरावीच्या पुस्तकात हे समीकरण आहे. दर वर्षी मी त्याच्याखाली दोन रेघा मारते.

वहिनी बशीकडे बघत होती. “ताई, सोड्यावानी काय फसफसतंय?”

“माझी चूक,” मी म्हटलं.

बाहेर येऊन मी भावाला आणि नानांना सगळं सांगितलं. गोणी मी आणली, मी उघडी ठेवली, बांधायला घेतली तर मीच हसले. चुना मेलेला होता, नानांच्या मापात काही खोट नव्हती. वहिनी दारातून म्हणाली, “म्हंजी ताईंनी आपल्या सगळ्यांलाच चुना लावला.” एरवी मी तिला ऐकवलं असतं. त्या दिवशी ऐकून घेतलं.

भाऊ मात्र हसला नाही. तो मुद्द्याचा माणूस आहे. “चुना ताईचा, मान्य. पन मंग विळ्यावर तांबं चढलंच आसंल ना? त्यासाठीच तर विळा बुडवायचा. ते नानांना दिसायला पायजे व्हतं.”

त्याचं बरोबर होतं. माझ्या चुकीने नानांचे डोळे सुधारत नव्हते. मी नानांकडे पाहिलं.

“दिसलं व्हतं,” नाना म्हणाले.

“काय?”

“तांबं. टोकापासून चार बोटं. लाल.”

“दिसलं व्हतं, मंग फवारा कशाला म्हणले?” भावाचा आवाज पुन्हा चढला.

नानांनी त्याच्याकडे पाहिलं नाही. माझ्याकडेही नाही. ते आपल्या पंजाकडे बघत म्हणाले, “मला वाटलं, माझाच डोळा गेला. चुना लेकीनं आणलेला. तिचं आख्खं आयुष्य त्यातच गेलं. तिचं कसं चुकंल?”

विळा शेडच्या भिंतीला खिळ्यावर टांगलेला होता. मी तो काढून दारापाशी उजेडात आणला. मला काहीच दिसेना. मग लक्षात आलं की चष्मा कपाळावर आहे. तो डोळ्यांवर घेतला तेव्हा दिसलं. टोकापासून चार बोटं पातं तांबूस होतं. गंज बोटाला लागतो, हे लागत नव्हतं. नखाने खरवडलं तर खाली लोखंडाची रेघ उमटली. पन्नाशी ओलांडलेल्या प्राध्यापिकेला चष्म्याशिवाय जे दिसलं नाही, ते त्या माणसाला एका धड डोळ्याने सोमवारी सकाळी दिसलं होतं. आणि ते त्याने खोटं मानलं होतं, कारण मी खोटी ठरायला नको होते.

मला रडू आलं. मी विळा धरून शेडमध्येच उभी राहिले. कुणी तिकडे आलं नाही, त्याबद्दल मी त्या घराची ऋणी आहे. त्या आठवड्यात नानांनी घरात एकदाही ‘चुना ताईचा होता’ असं म्हटलं नव्हतं. भाऊ बोलत राहिला, आणि ते पाठ भिंतीला टेकून ‘आता दिसत नाय’ एवढंच ऐकून घेत राहिले.

संध्याकाळी भाऊ स्वतःहून दिंडोरीला गेला आणि कळीचा चुना घेऊन आला. मी मुक्कामी राहिले. रविवारी सकाळी नानांनी निळ्या डागांचा सदरा घातला. खडे टबात पडले, चरचरले, पाणी उकळ्या मारायला लागलं. मी माझ्या कॉलेजच्या सेफ्टी गॉगलविषयी काही बोलणार होते, पण नाना आधीच चार पावलं मागे, वाऱ्याच्या बाजूला उभे होते. ते कायम तिथेच उभे राहत आले असणार. मी कधी पाहिलंच नव्हतं.

निवल्यावर त्यांनी धार सोडली. टबात आकाशी रंग वर येत गेला. “साटंलोटं झालं,” ते पुटपुटले. मग राखेने घासलेला विळा बुडवला आणि मिनिटभराने वर काढला. पाणी निथळू दिलं आणि माझ्यासमोर धरला.

“बघ.”

भाऊ ट्रॅक्टरपाशी थांबला होता, माझ्या होकारासाठी. पीएच कागदांची डबी पर्समध्ये होती आणि पर्स हाताच्या अंतरावर.

“तुम्ही बघा,” मी म्हटलं.

नानांनी एकदा भावाकडे पाहिलं. मग विळा उन्हाकडे तिरपा केला, एक डोळा मिटला, पातं वरून खाली नेलं आणि पुन्हा खालून वर.

“काय नाय,” ते म्हणाले. “लोखंडच हाय. मार.”

भावाने ट्रॅक्टर सुरू केला. मी चष्मा कपाळावरच राहू दिला, उरलेल्या चुन्याच्या डब्याचं झाकण घट्ट बसवलं आणि वरून दादरा बांधायला घेतला.